लाभ, दोन, तीन

यंदा चहा सोडलाय, चाळीस दिवस.
मोठं काही नाही. सकाळी डोकं दुखतं,
आणि मेकोसाबागेतल्या टपरीपाशी
पाय आपोआप हळू होतात.

भस्म बुधवारी पाळकसाहेबांनी कपाळावर अंगठा टेकवला.
मागच्या वर्षीच्या झावळ्यांची राख,
थोडी नाकावर सांडली.
तू माती आहेस, म्हणाले.
मी मनात म्हटलं, ठाऊक आहे,
रोज तीच तर झाडते.

रविवारच्या शाळेत फळ्यावर लिहिलं : देव कसा आहे?
मुलांनी पाठ असलेलं सांगितलं.
पवित्र. न्यायी. दयाळू. सर्वज्ञ.
मागच्या बाकावरचा एलिया तिरपुडे
हात वर न करताच बोलला,
"मॅडम, देव कटाळते का?"
वर्ग हसला.
मी फळा पुसला.
वेळ संपली, अशी नोंद केली रजिस्टरात.
दहा मिनिटं होती.

बाबा कळमन्याच्या बाजारात संत्री मोजायचे.
ढिगापुढे उकिडवे,
एका हातात तीन, दुसऱ्यात दोन,
आणि अख्ख्या शेडमध्ये घुमणारा आवाज :
लाभ, दोन, तीन…
एक कधी म्हणायचे नाहीत.
पहिल्याला आकडा नसते, म्हणायचे,
पहिलं ते देवाचं देणं.
बाकी सगळ्याला आकडा होता.
कंदिलातल्या तेलाला. आईच्या माहेरी जाण्याला.
मी डोळे मिटून "आमच्या पित्या" म्हटलं
की दिसायचा खाकी सदरा, कानामागे पेन्सिल
आणि ती नजर,
जिला टोपली न उचलता कळायचं
किती कमी भरलीय.

शमू गेला तो अडत्याचे साडेअकरा हजार घेऊन.
बाबांनी नऊ वर्षं फेडले.
आईची तांब्याची घंगाळं गेली,
माझं बी.एड. गेलं.
वहीत शमूचं नाव कुठेच नव्हतं,
नुसती रक्कम, दर महिन्याला जराशी बारीक होत गेलेली.
ती वही माझ्याकडे आहे.
नसती तरी चाललं असतं,
मला पाठ आहे.

आता बाबा पलंगावर बसून चादरीवर मोजतात
नसलेली संत्री.
चाळीसच्या पुढे कुठेतरी धागा सुटतो.
थांबतात. हात तसेच, भरलेले.
मग न चिडता
पुन्हा पहिल्यापासून.

आणि दिवेलागणीला रोज विचारतात,
"शमू जेवला काय वं?"
बाबा, शमू भिलाईला. तीस वर्षं झाली.
"हो. पण जेवला काय?"

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला,
कुठे कुठे काय पुसलं गेलंय ते.
हा आजार आहे. त्याला मी दया म्हणणार नाही.
पण देवाला तर आजार नाही.
तो शुद्धीवर आहे.
त्याला साडेअकरा हजार आठवतात, घंगाळं आठवतात,
कोणत्या महिन्यात मी किती रडले तेही,
आणि एवढं सगळं आठवत असून
तो हेच विचारत असेल तर?
जेवला काय?

मला खरं तर रागावणारा देव हवा होता.
सगळ्यांवर नाही.
माझ्या बाजूनं, एकदा, नीट.
जी थांबली तिच्या बाजूनं.
हे मी प्रार्थनेत बोललेले नाही,
पण लपवलंय असंही नाही,
त्याला टोपली उचलावी लागत नाही.

आज मार्चचं ऊन अंगणात आलं तेव्हा
बाबांना संत्रं सोलून दिलं.
चार फोडी खाल्ल्या,
चार ताटाच्या कडेला सरकवल्या.
"त्याच्यासाठी."
फोन उशाशी होता. नंबर आहे.
मी लावला नाही.
फोडींवर वाटी पालथी घातली,
या दिवसांत मुंग्या लागतात.

एलियाला उत्तर द्यायचं राहिलंय.
आतल्या खोलीत पुन्हा सुरू झालंय :
लाभ,